शिरोलीहून एका धाडसी प्रकाशकास

आदरणीय प्रकाशक महोदय,



फौंड्रीतल्या माणसांवरचं माझं पुस्तक आपण ‘मराठीत हा विषय आलेलाच नाही’ म्हणत हाती घेतलंत. तो आजही आलेला नाही. जेवढा आला तेवढा आपल्या गोदामात आहे.

‘नवलेखक आहात, थोडा सहभाग द्यावा लागेल,’ असं आपण अदबीनं म्हणालात. दिला. कागद माझा, छपाई माझी, मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे पैसे माझे. धोका तेवढा आपण पत्करलात. कसला, ते अजून कळलेलं नाही. बिलात ‘आयएसबीएन शुल्क’ अशी एक ऐटबाज ओळ होती. हा क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी फुकट देते, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही, हे पुढं समजलं आणि आपल्याबद्दलचा आदर दुणावला. फुकटच्या मालावर मार्जिन काढणं आमच्या एमआयडीसीत अजून कुणाला जमलेलं नाही.

आमच्याकडं साधा ब्रेक ड्रम ओतला तरी त्यावर हीट नंबर असतो. ब्लो होल निघाला म्हणून तो कंपनीकडून परत आला, की कुठल्या पाळीत, कुठल्या भट्टीतला रस होता, हे रजिस्टर उघडून उभ्या उभ्या सांगावं लागतं. मी आपल्याला एवढंच विचारलं होतं, की हजार प्रती छापल्या म्हणता, त्यातल्या गेल्या किती? ‘साहित्यात असा हिशेब नसतो,’ म्हणालात. मग 2019 चा महापूर आला, पंचगंगेनं शिरोलीजवळ महामार्ग अडवला आणि आपल्याला कारण मिळालं. आपलं गोदाम पुण्यात, तेही दुसऱ्या मजल्यावर. महामार्ग काही दिवसांत सुरू झाला. हिशेब अजून पाण्याखाली आहे.

करारपत्र मात्र नामी. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ आणि खाली माझी सही. मुदत लिहायची राहिली, त्याबद्दल मनापासून आभार. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 म्हणतं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची. ती केव्हाच सरली. तेव्हा पुस्तक आता मीच काढलंय.

आपली श्रीलिपीतली फाइल युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. ते निवडता निवडता कळलं, की आपल्या आवृत्तीत फौंड्रीतल्या ‘कोअर शॉप’चं सगळीकडं ‘कोरा शॉप’ झालं होतं. मुद्रितशोधनाचे पैसेही बिलात होते म्हणा. फर्मा सोळा पानांचा, म्हणून मनोगत आखडून पुस्तक 176 पानांत, अकरा फर्म्यांत बसवलं. आधी डिजिटलवर थोड्याच प्रती काढल्या. खपल्या तर ऑफसेट. प्रत महाग पडते, हे कबूल. विक्रेता किमतीचा तिसरा हिस्सा मागतो, कधी जास्तही, आणि वर पुस्तक फळीच्या तळाला ठेवतो. म्हणून खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाल्यावर गेटवरच टेबल मांडलं. फेटलिंग खात्यातल्या एका गड्यानं प्रत घेतली, स्वतःवरचं पान तिथंच काढून वाचलं आणि म्हणाला, ‘साहेब, माझं टोपणनाव चुकवलंसा.’ पुढच्या छपाईत दुरुस्त होईल. ती कधी करायची, हे ठरवायला आता कुणाला फोन करावा लागत नाही.

‘स्वतः छापलं म्हणजे कुणी घेतलं नसणार,’ असं आपण कुठल्याशा सभेत म्हणालात म्हणे. असेलही. 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ स्वतःच काढली. ओतकामाला लागणारं सामान विकण्याचाही त्यांचा धंदा होता, म्हणजे आमच्याच लाइनीतले. त्यांनाही आपल्यासारखा जाणकार भेटला नसावा.

आता एक विनंती. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकानं नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते; शिवाय चेन्नई, मुंबई, दिल्लीलाही. माझी पहिली आवृत्ती पाठवली होती का, कळवावं. नसेल तर मीच पाठवतो, टपालखर्चासकट. त्यासाठी गोदामातल्या प्रती लागतील. शनिवारी आमचा टेम्पो चाकणला कास्टिंग टाकायला येतोय, परतताना रिकामाच असतो. गठ्ठे खाली आणून ठेवावेत. ड्रायव्हर मोजल्याशिवाय माल उचलत नाही.

आपला,
एक नवलेखक
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर