निर्धास्त असावे : शर्यतीच्या उस्तादांस खुले पत्र

प्रति,
शर्यतीचे बैल व घोडे तयार करणारे समस्त उस्ताद, मालक आणि शौकीन,
जिल्हे जळगाव व धुळे.

विषय : जनावरांस उत्तेजक द्रव्य देण्यावरील बंदीची धास्ती न बाळगणेबाबत.

शर्यतीत धावणाऱ्या बैलाला उत्तेजक औषध, दारू किंवा गुंगी आणणारे काहीही देण्यास महाराष्ट्रात बंदी आहे. बैलगाडा शर्यतींसाठी राज्याने २०१७ साली जे नियम केले, त्यांत ती आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही थांबवल्या. २०१७ मध्ये विधिमंडळाने प्राण्यांच्या क्रूरतेविरोधी कायद्यात दुरुस्ती केली, उच्च न्यायालयाने शर्यतींना अटकाव केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती अटींवर मोकळ्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. नियम पाळले तर जनावराचा त्रास पुष्कळ कमी होतो, या गृहीतावर तो निकाल उभा आहे. म्हणून नियम काटेकोर पाळले जातात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी पीठाने जिल्हा प्रशासनाच्या प्रमुखावर टाकली. एवढे वाचून एखाद्या उस्तादाच्या पोटात गोळा आला असल्यास तो अनाठायी आहे, हे कळविण्यासाठी प्रस्तुत पत्र.

नियमांप्रमाणे शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पन्नास हजार रुपयांची अनामत भरावी लागते, धाव १,००० मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही, चाबूक, खिळा, विजेचा झटका वर्ज्य आहे आणि बैल धावण्यायोग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. अटी मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. यातल्या बहुतेक गोष्टी उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. चाबूक दिसतो, लांबी फितीने मोजता येते, अनामतीची पावती फायलीला लागते. रक्तात काय फिरते आहे ते मात्र दिसत नाही. ते पाहायचे तर रक्ताचा किंवा लघवीचा नमुना घ्यावा लागतो, तो मोहोरबंद करून प्रयोगशाळेत धाडावा लागतो. अशा नमुन्याची सक्ती नियमांत नाही. बंदी आहे, पण ती मोडली हे कळण्याची सोय नाही. एखाद्या कायद्याने गुन्हेगारावर याहून अधिक विश्वास टाकल्याचे उदाहरण सहसा सापडणार नाही.

दाखल्याची तर गंमतच आहे. पशुधन विकास अधिकारी जनावराचा ताप पाहतो, जखम पाहतो, चालवून लंगडते का ते पाहतो. वेदनाशामक टोचलेला बैल लंगडत नाही. म्हणजे ज्या औषधाला मनाई, तेच औषध दाखला मिळवून देते. तपासणीसाठी इतके उपयुक्त औषध फुकट वाटण्याची योजना अजून कशी निघाली नाही, याचेच नवल.

औषधे नेमके काय करतात, हे उस्तादांना ठाऊक असतेच; इतरांसाठी नोंद करणे बरे. वेदनाशामकाने वेग वाढत नाही. पायातली शीर ताणली गेली, सांध्याला सूज आली, की दुखून जनावर स्वतःच पाय सांभाळते. औषध ती सूचना बंद करते आणि दुखरा पाय पुरता निकामी होईपर्यंत पळतो. डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडे सूज दडपतात, अंगाला तात्पुरती तरतरी आणतात आणि पुढे रोगाशी झगडण्याची ताकद काढून घेतात. उत्तेजके हृदयाचे ठोके वाढवतात, थकव्याची जाणीव मारतात. खानदेशात याला हवामानाचीही साथ आहे. चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या दिवसांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उन्हात थकवा न कळणारे जनावर थांबत नाही, त्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि ते कोसळते. पंचनाम्यात मात्र ऊन लागले एवढेच लिहिले जाते, आणि तेही खोटे नसते.

सरकी, ढेप, उडदाचा भरडा, गूळ, तूप, दूध यांवर बैल पोसणाऱ्या उस्तादांचा इथे संबंध नाही. तापी खिल्लारी म्हणून ओळखला जाणारा बैल तापीच्याच खोऱ्यातला. त्याला पळण्यासाठी सुईची गरज पडली, असे जुने शेतकरी मानणार नाहीत. अडचण एवढीच, की प्रामाणिक उस्तादाला आपला बैल निर्मळ आहे हे सिद्ध करण्याचीही सोय उपलब्ध नाही.

मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर चित्र निराळे आहे. तिथे घोडा तयार करणाऱ्याला रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा परवाना लागतो. घोड्याच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडले तर जाब प्रशिक्षकाला द्यावा लागतो आणि परवाना हातचा जाऊ शकतो. क्लबला घोड्याचा कळवळा अधिक, असा याचा अर्थ नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात घोड्यांच्या लाळेची तपासणी सुरू झाली ती पैज लावणाऱ्यांचे पैसे बुडू नयेत म्हणून. तिकीट काढून लावलेल्या पैशाला राखणदार लागतो. खानदेशातल्या शर्यतीत कायद्याच्या लेखी कोणी पैज लावतच नाही, त्यामुळे कोणाचे पैसे राखायचे हा प्रश्नही उद्भवत नाही. शिवाय इथल्या उस्तादाजवळ परवानाच नाही. जे दिलेच नाही ते काढून कसे घेणार? परवानगी अर्जावर आयोजकाचे नाव असते, दाखल्यावर बैलाचे वर्णन असते. औषध देणारा हात कुठल्याच कागदावर येत नाही.

परवाना आणि प्रयोगशाळा असूनही काम निभावते, याचा दाखला अमेरिकेत आहे. एप्रिल २०१८ मध्ये जस्टिफाय नावाच्या घोड्याने कॅलिफोर्नियातली सांता अनिता डर्बी जिंकली. त्याच्या नमुन्यात स्कोपोलामाइन हे निषिद्ध द्रव्य सापडले. त्यावर निर्णय होईपर्यंत त्याने अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती मारून ‘ट्रिपल क्राउन’ पटकावला होता. राज्याच्या रेसिंग मंडळाने ऑगस्टमध्ये बंद दाराआड प्रकरण मिटवले. चाऱ्यात विषारी झुडूप मिसळले असावे, असे कारण धरले. वर्षभराने न्यूयॉर्क टाइम्सने ते बाहेर काढले. ते झुडूप म्हणजे धोतऱ्याची एक जात. खानदेशात धोतरा बांधोबांधी उगवतो, महादेवाला वाहिला जातो. कधी काळी इथे नमुना घेतला गेलाच, तर सबब शोधायला उस्तादांना शिवाराबाहेर जावे लागणार नाही.

औषध-नियंत्रण देशात अगदीच जमत नाही, असे नाही. डायक्लोफेनॅक टोचलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मरू लागली, तेव्हा २००६ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. माणसांच्या नावाने मोठ्या बाटल्या नेऊन गुरांना टोचणे चालूच राहिले, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरवर आणली. मेलेला बैल खाणाऱ्या पक्ष्याची एवढी चिंता वाहिली गेली, हे चांगलेच झाले. जिवंत बैलाचा क्रमांक अजून लागायचा आहे.

घोडेवाल्यांनी तर अधिकच निश्चिंत असावे. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात आणि आता नंदुरबारमध्ये असलेल्या सारंगखेड्याला तापीकाठी, दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे घेणारा दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चाल पाहतो. रक्त कोणी पाहत नाही. २०१७ ची दुरुस्ती बैलांपुरती आहे आणि टर्फ क्लबचे नियम त्याच्या मैदानांपुरते. गावच्या घोड्याच्या वाट्याला मुख्यतः १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा येतो. जनावराला जाणूनबुजून अपायकारक औषध देणे हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या खेपेची शिक्षा : कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा सापडल्यास पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. दंडाची रक्कम सुट्या पैशांत जवळ बाळगावी.

प्रत माहितीस्तव व कार्यवाहीस्तव : जिल्हाधिकारी, जळगाव आणि जिल्हाधिकारी, धुळे. पहिल्या आलेल्या जोडीचा लघवीचा नमुना जागेवरच घ्यावा, त्याचा खर्च आयोजकाने सोसावा, अहवाल येईपर्यंत बक्षीस देऊ नये आणि जोडी तयार करणाऱ्याचे नाव अर्जात लिहावे, अशा अटी पुढच्या परवानगीपत्रात घालाव्यात, ही विनंती. असे झाल्यास उस्तादांना दिलेले वरील आश्वासन रद्द समजावे.