नदी किती वाजता सोडतात?

पुतण्या : काका, कुंडलिका म्हणजे खरी रानातली नदी. दोन्ही बाजूला जंगल, मधात फेसाळतं पाणी, अन् आपण रबरी होडीत!

काका : कुठं आली हे?

पुतण्या : रायगड जिल्ह्यात, कोलाडला. फक्त पहाटे पोचावं लागते. सकाळीच पाणी सोडतात ना.

काका : सोडतात? नदी कोण सोडते बे?

पुतण्या : भिऱ्याला टाटांचं वीजघर आहे. वीज करून झाली की ते पाणी खाली नदीत येते. त्याच्यावरच राफ्टिंग चालते.

काका : म्हणजे नळ आला म्हण. आपल्या नागपूरच्या वाडीत बायका हंडे-गुंड घेऊन उभ्या राहतात, तू होडी घेऊन.

पुतण्या : नळ काय, काका! मोठमोठे रॅपिड आहेत. गाईड लागतो.

काका : मग मोठा नळ. रोज येते का?

पुतण्या : मुंबईत विजेची मागणी असली की येते.

काका : अन् मुंबईनं पंखे बंद केले तर? आठशे किलोमीटर जाऊन खडकावर बसशील. निघायच्या आधी तिकडं कोणाला फोन कर, म्हणा, बाप्पा, एसी लावून ठेवा, पोरगा नदीवर येऊन राहिला.

पुतण्या : करा चेष्टा. सगळी सोय असते तिथं. लाइफ जॅकेट, हेल्मेट. फक्त एका फॉर्मवर सही द्यायची, काही झालं तर जबाबदारी आपली.

काका : आमच्या ट्रकच्या बिल्टीवर हेच छापलं असते. ओनर्स रिस्क. पण मालावर आम्ही निदान ताडपत्री टाकतो.

पुतण्या : ताडपत्री कशाला, रात्री तंबू आहे ना! नदीकाठी चूल, चांदणं...

काका : अमरावती रोडवर ये रात्री. ड्रायव्हर लोक ट्रकच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून रोज हेच करतात. त्यांना विचार, माणशी किती पडते.

पुतण्या : गर्दीत नाही हो, दूर, दुर्गम जागी!

काका : दुर्गम! ताम्हिणी घाटानं जाशील तर वाटेत मुळशीचं धरण दिसन. तेच तुझ्या नळाची टाकी. त्या टाकीत गावं बुडाली. 1921 पासून सेनापती बापट अन् तिथले शेतकरी सत्याग्रह करत होते, तरी धरण झालंच. मुळेचं पाणी पूर्वेला भीमेत जायचं, ते वळवून घाटाखाली पाडलं. म्हणून तुझी रानातली नदी भर उन्हाळ्यात उड्या मारते.

पुतण्या : मग काय नाग नदीत राफ्टिंग करू?

काका : झालं की. आपल्या लाव्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीत जाते. 2023 च्या 23 सप्टेंबरला रातोरात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अन् सकाळी शहरात बोटी फिरत होत्या. ना बुकिंग, ना फॉर्म, ना पाण्याची वेळ.

पुतण्या : माणसं मेली त्यात, काका. याच्यावर हसून राहिले तुम्ही?

काका : हसतो कोण? काठापर्यंत भिंती घातल्या, तवा कोणी बोललं नाही. दारच्या नदीला तुम्ही पोरं नाला म्हणता अन् तिकडं नळाला नदी!

पुतण्या : नाला तुमच्या पिढीनं केला. आम्ही आलो तवा वासच येत होता.

काका : मी केला? मी जन्मभर ट्रक चालवले.

पुतण्या : अन् धुतले कुठं?

काका : ...ते राहू दे. किती मागून राहिले ते कोलाडवाले?

पुतण्या : विषय बदलू नका.

काका : कोलाडचा विषय तूच काढला न बे!