काय उजेड पाडलास?

गोडो नावाच्या गेम इंजिनात गाव बांधायला घेतलं की एक सूर्य फुकट मिळतो. तो फक्त बांधकाम चालू असेपर्यंत. खेळ सुरू केला की सूर्य गायब, आणि घरं काळीठिक्कर. बेकेटच्या नाटकात ज्याची वाट बघतात आणि जो येतच नाही, त्याचंच नाव या इंजिनाला दिलंय. रात्री मोटारीच्या पेटीपाशी थ्री फेजची वाट बघत बसणाऱ्या वडगाव रासाईकराला ते समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या खेळात वडगावच आहे. भीमेचा काठ, ऊस, आणि रात्री दारं धरायला निघालेला शेतकरी. समीक्षक एकच, आमचे आण्णा.

आधी स्वतःचा सूर्य टाकला. हा उचलून गोठ्यात ठेवला तरी ऊन तेवढंच पडतं. खरा सूर्य 15 कोटी किलोमीटर लांब, किरणं आपल्यापर्यंत समांतरच येतात. म्हणून इथंही त्याची जागा कुठली हे कुणी विचारत नाही, तोंड कुठं आहे तेवढंच बघतात.

"आमच्या सोसायटीत बी तसंच हाय," आण्णा म्हणाले.

मग बल्ब. सावली चालू केली नाही तर स्वयंपाकघरातला उजेड भिंत ओलांडून थेट शेजाऱ्याच्या पडवीत. चालू करावी, तर एकेका बल्बासाठी इंजिन सहा दिशांना बघून सावल्या मोजतं आणि लॅपटॉपचा पंखा बोंबलायला लागतो. यात्रेच्या माळांना म्हणून नुसता चमकणारा रंग दिला. त्या स्वतः झगमगतात, पण शेजारच्या भिंतीवर कवडसाही पाडत नाहीत. अशी मंडळी गावात पुष्कळ आहेत.

"आता इथं आकडा टाकला की उजेड वाढतो," मी दाखवलं.

आण्णा दचकले. "हितं बी आकडा? वायरमन बघंल की!"

रात्र करायला निळसर चंद्र लावला. "अवसेला ह्यो कुठनं उगवला? काय उजेड पाडलास रं!" काढला. उरली शेतकऱ्याच्या हातातली बॅटरी. झोताचा कोन आवळला, रंग पिवळट केला, कडा विरत नेल्या. झोत उसाच्या पहिल्या दोन सरींवर पडतो, पाचट उजळतं, आणि पुढं काही म्हणजे काही दिसत नाही. आण्णा पहिल्यांदाच गप्प बसले.

शिरूर तालुक्यातला ऊस म्हटल्यावर बिबट्या आलाच. त्याच्या डोळ्यांत आत, मागच्या बाजूला एक पडदा असतो, तो उजेड परत फेकतो. इंजिनाला तेवढं कळत नाही. म्हणून अंधारात दोन बारीक चमकते गोळे बसवले, झोत पडला तरच पेटणारे.

"लई वर घेतलेस. बिबट्या हाय का उंट?"

खाली घेतले.

"आणखी. मांडीएवढं."

घेतले. आण्णांनी बॅटरी फिरवली, पाचटात दोन ठिपके पेटले. "हां, आत्ता बरोबर," असं म्हणत त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.