शंकानिरसन

देवरीच्या चौकात पानठेल्यासमोर एखादा माणूस आकाशाकडे तोंड करून उभा दिसला, तर परगावच्याने वर बघू नये. वर काही नसतं. तो माणूस आपल्याशीच बोलत असतो. तोंडात खर्रा आहे, हनुवटी खाली आणली तर वाक्यासोबत आणखीही काही बाहेर येईल, म्हणून बिचारा आभाळाला सांगतो आणि आपण मधल्यामध्ये ऐकून घ्यायचं.

या मंडळींत इंग्रजीचे सर हा सगळ्यांत वरचा प्रकार. सर हे कुणा एकाचं नाव समजू नये. असे सर आमगावात आहेत, साकोलीत आहेत, सडक-अर्जुनीत तर एकाच शाळेत दोन निघतील. देवरीच्या सरांचं वेगळेपण एवढंच, की बाकीचे नुसते थुंकतात, हे अभ्यास करून थुंकतात.

खर्रा म्हणजे काय, हे पुण्याकडच्या वाचकाला सांगायला हवं. तुमचा मावा आणि आमचा खर्रा हे सख्खे भाऊ, पण आमच्यापुढे तसं म्हणू नका. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून ठेलेवाला तळहाताने घोटत बसतो. सर समोर उभे राहून देखरेख करतात. "घोट अजून. चुना जास्त झाला का गा? घोट, घोट." मग पन्नी हातात घेऊन दोन बोटांनी दाबून पाहतात, नाकाशी नेतात आणि मान हलवतात. शाळेतल्या वह्या त्यांनी एवढ्या बारकाईने कधी तपासल्या नाहीत. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली तेव्हा सर निर्धास्त होते. गुटखा कारखान्यात होतो, खर्रा डोळ्यांसमोर होतो, ही हस्तकला आहे, असा त्यांचा युक्तिवाद. पुढच्या आदेशांत खर्रा आणि मावा ही नावंही आली, तो भाग ते सांगत नाहीत. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, हे मात्र त्यांना तोंडपाठ आहे. एकशे एकावा यार्ड कुठे लागतो, तेही.

तोंड भरलेलं असलं की जीभ हलत नाही. त, थ, द, ल, न हे दातांशी काम करणारे वर्ण सामुदायिक रजेवर जातात आणि स्वर तेवढे कामावर राहतात. "तहसीलदार आले का?" हे सरांच्या तोंडून "अअईआ आए आ?" असं येतं. चौकातल्या पोरांना ते बिनचूक कळतं. पंचाईत होते ती हायवेवरून आलेल्यांची. रायपूरकडून आलेला एखादा ड्रायव्हर काच खाली करून चिचगडचा रस्ता विचारतो, सर आभाळाकडे पाहत त्याला सविस्तर, वळणावळणासकट, फक्त स्वरांत उत्तर देतात. ड्रायव्हर "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि पुढच्या ठेल्यावर पुन्हा विचारतो. तिथे दुसरा माणूस आभाळाकडे पाहत असतो.

आता मुख्य कृती. डाव्या हाताने शर्टाचा पुढचा भाग पोटाशी धरायचा, कमरेत थोडं वाकायचं, उजव्या हाताची दोन बोटं ओठांवर फाकवायची आणि मधून धार सोडायची. सोडून झाल्यावर सर लगेच सरळ होत नाहीत. ती कुठे पडली, हे क्षणभर पाहतात. समाधान झालं तर मिशा पुसतात. नाही झालं, तर उरलेलं पाठवतात.

वर्गात एकदा एका पोराने विचारलं, "सर, स्पिटचा पास्ट का होते?" सरांनी हात वर केला, म्हणजे थांब. खिडकीशी गेले, वाकले, परत आले आणि मोकळ्या तोंडाने म्हणाले, "हे पहिलं शंकानिरसन."

पोरं हसली. पण सरांनी कोटी केली नव्हती, व्याकरण सांगितलं होतं. संस्कृतात थुंकण्याचा धातू ष्ठिव्, आणि धातुपाठात त्याचा अर्थ दिलाय 'निरसने'. म्हणजे बाहेर टाकणं. शंका बाहेर टाकली काय आणि खर्रा टाकला काय, पाणिनीच्या हिशेबी क्रिया एकच. सरांना याहून लाडकं आहे ते पुढचं प्रकरण. पाणिनीचा एक नियम असा, की धातूच्या सुरुवातीला ष लिहिलेला असेल तर प्रत्यक्ष वापरात त्याचा स होतो. सगळ्या धातूंना लागू. पण तसं केलं तर थुंकणाऱ्याचा उच्चारच बिघडतो. तेव्हा वार्त्तिककारांना मागाहून जोडावं लागलं, की नामधातू, ष्ठिव् आणि ष्वष्क् एवढ्यांना हा नियम लावू नये. सर हे सांगताना आवाज खाली आणतात आणि खांद्यावर हात ठेवतात. "समजलं का बाबू? जगात नियम सगळ्याइले हाय. थुकनाऱ्याले सूट हाय. अन् हे सूट आजची नोहे, दोन हजार वर्षांची हाय."

इंग्रजीचं शंकानिरसन त्यानंतर. हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडात थुंकायला एक क्रियापद पुरत नव्हतं. अँग्लियन बोलीत स्पित्तन म्हणत, दक्षिणेला वेसेक्सकडे स्पेतन. शिवाय एक स्पिवन होतं, ते ओकण्याच्या अंगाने गेलं, आजचं स्प्यू ते हेच. इसवी सन १००० च्या आसपासची जी वेसेक्सकडची शुभवर्तमानं आहेत, त्यांत येशू जमिनीवर थुंकतो, थुंकीत माती कालवतो आणि आंधळ्याच्या डोळ्यांना लावतो, तिथे हे स्पेतन भेटतं. चॉसरच्या काळातही दोन्ही घराणी नांदती होती. मग स्पेतन हळूहळू खपलं, पण जाताना आपला भूतकाळ दुसऱ्याच्या नावावर करून गेलं. म्हणून आज वर्तमानात स्पिट आणि भूतकाळात स्पॅट. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि धान दुसऱ्याच्या बांधीतलं, असा तो व्यवहार आहे. अमेरिकेत भूतकाळालाही स्पिटच चालवून घेतात. सरांना ते पटत नाही. थुंकल्यावर काहीतरी फरक पडलेला दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि शाळेची भिंत पाहिली की ते खोटं वाटत नाही.

लॅटिनचं स्पुओ, ग्रीकांचं प्तुओ, आपलं ष्ठिव् आणि इंग्रजांचं स्पिट ही सगळी एकाच घरातली, हे भाषाशास्त्रज्ञांनी कधीच सांगून ठेवलंय. सरांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र त्यांचा स्वतःचा आहे. लोक घरदार सोडून युरोपात गेले, देव बदलले, भाकरीचा पाव झाला, पण तोंडातलं टाकताना आवाज गावचाच काढत राहिले.

मुख्याध्यापकांनी त्या भिंतीवर लाल अक्षरांत 'येथे थुंकू नये' असं लिहून घेतलं, तेव्हा सरांनी दंडीला पुढे केलं. काव्यादर्शात दंडी म्हणतो, की थुंकणं, ओकणं हे शब्द लाक्षणिक अर्थाने आले तर फार सुंदर, सरळ अर्थाने आले तर ग्राम्य. सरांचं म्हणणं, दंडीने दोष शब्दाला दिलाय, कृतीला नाही. तेव्हा ग्राम्य काही असेल तर ती मुख्याध्यापकांची पाटी. "अन् ग्राम्य तं ग्राम्य. देवरीची नगरपंचायत झाली असन, मी अजून ग्रामपंचायतीतच आहो." मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात थुंकू नये असं आहे, ते ते पाळतात. वाघ नदीच्या पुलावर एसटी आली की तोंड मिटून बसतात. पलीकडे छत्तीसगड लागलं, की खिडकी सरकवतात. मागच्या खिडकीतल्याने त्याआधी आपली सरकवून घेतलेली बरी.

पैठणच्या कथेवरही त्यांचं संशोधन चालू आहे. एकनाथ महाराज गोदावरीवरून स्नान करून यायचे, एक यवन वरून त्यांच्या अंगावर थुंकायचा, महाराज पुन्हा नदीवर जायचे, असं एकशे आठ वेळा झालं, असं कथेत सांगतात. ऐकणारे नाथांच्या शांतीने भारावतात. सर एकटे त्या वरच्या माणसाच्या चिंतेत. एकशे आठदा थुंकायला एवढं तोंडात येणार कुठून? नाथांची समाधी १५९९ ची. अकबराचा वकील असदबेग विजापूरहून तंबाखू घेऊन दरबारात गेला, तो त्यानंतर पाचेक वर्षांनी. विजापुरात ती आधीपासून असणार, पण पैठणपर्यंत पोचली होती का? नसेल, तर त्या गड्याने निव्वळ विड्यावर हे केलं, आणि मग मात्र मानलं पाहिजे. कीर्तनात ही शंका विचारायची म्हणून सर उठले होते. बुवांनी अभंग धरला.

करोनात त्यांचे फार हाल झाले. मे २०२० मध्ये सरकारने जाहीर केलं, की सार्वजनिक ठिकाणी थुंकलं तर पहिल्या वेळी १००० रुपये आणि एक दिवस सेवा, दुसऱ्या वेळी ३००० आणि तीन दिवस, त्यापुढे ५००० आणि पाच दिवस. सरांनी हे प्रथमा, द्वितीया, तृतीया असं चालवून पाठ केलं. पण खरी अडचण दंडाची नव्हती, मास्कची होती. मास्क खाली केला तर पोलीस, नाही केला तर मास्कच. एका दुपारी तहसील कचेरीच्या रांगेत त्यांनी जे केलं, त्यानंतर तो निळा मास्क विटकरी झाला आणि रांग आपोआप सहा फुटांवर गेली. त्याच कचेरीच्या जिन्यात कोपऱ्या-कोपऱ्यांवर देवांच्या टाइल्स लावल्यात. एका कोपऱ्यात गणपती, साईबाबा, क्रूस आणि मक्का अशी चारही. सर तिथे थुंकत नाहीत. टाइल जिथे संपते त्याच्या बोटभर खाली डाग आहेत, ते कुणाचे हे त्यांना विचारलं तर ते आभाळाकडे पाहतात, आणि तोंडात काही नसतानाही स्वरांत बोलतात.

२०२१ साली नागपूरच्या एका स्टार्टअपने थुंकायच्या पुड्या काढल्या. थुंकी आत घट्ट होते, पुडी मातीत टाकली की तिच्यातल्या बीचं रोप उगवतं. रेल्वेने ४२ स्थानकांवर त्या ठेवायचं ठरवलं, अशी बातमी आली. सरांनी ती कात्री लावून वहीत चिकटवली. देवरीभोवती एवढं जंगल आहे ते कसं झालं, याचा उलगडा झाला म्हणाले.

घरी मात्र सूट नाही. फाटकाच्या आत सर ना थुंकतात, ना वार्त्तिक सांगतात. काकूंनी लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात एकदाच बजावलं होतं, "अंगन मीनं सारवलं हाय. थुकाचं असन तं आपल्या शारेत थुका." शाळेच्या भिंतीचा इतिहास तिथून सुरू होतो.

आताशा सरांना तिखट सोसेनासं झालंय, म्हणजे फार लागतं. वडा अर्धा करून खातात. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, "तीन बोटं उभी धरून तोंडात घाला." सुपारीने गालाच्या आतलं आवरण राठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं, ते असं मोजतात. पुढची पायरी कॅन्सरचीही असू शकते. सरांची दोन बोटं गेली, तिसरं बाहेर राहिलं. "तीनपैकी दोन म्हणजे फर्स्ट क्लास," ते म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत. खर्रा आजपासून बंद म्हणाले. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' या तंबाखूमुक्तीच्या मोहिमेचं काम चालू आहे, गावंच्या गावं ठराव करतात, हेही सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग डॉक्टरांनी दात घासून पाण्याचा फवारा मारला, खुर्चीशेजारच्या वाडग्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "थुंका."

जन्मभर भिंतींवर विध्यर्थ वाचलेल्या माणसाला असा रोखठोक आज्ञार्थ पहिल्यांदाच भेटला. सर गडबडले. डाव्या हाताने शर्ट पोटाशी धरला, दोन बोटं ओठांवर फाकवली, वाकले आणि सवयीने वाडग्याच्या पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात नेम धरला. धार बरोबर गेली. पोछा घेऊन उभ्या असलेल्या बाईने आधी भिंतीकडे पाहिलं, मग सरांकडे. सरांनी मिशा पुसल्या.

"अपवाद समज वं माय," ते म्हणाले.

तिने पोछा त्यांच्या हातात दिला.