कयाकवाले काका

चंद्रपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र जवळ नाही. त्यामुळे इथला माणूस एकदा समुद्र पाहून आला की गप्पांना वर्षभर पुरतो. तो तिथे होडी वल्हवून आला असेल तर मात्र शेजाऱ्यांनी घर बदलावं. असा एक इसम हल्ली प्रत्येक कॉलनीत असतो. आमच्याकडचे काका वीज केंद्रातून निवृत्त झाले, काकूंना घेऊन मालवणला गेले आणि ‘कयाकवाले काका’ होऊन परतले.

चंद्रपुरात दिवाणखान्यात वाघाचा फोटो असतो आणि तो आपणच ताडोब्यात काढला असं सांगायची रीत आहे. काकांनी वाघ उतरवला. त्या खिळ्यावर आता दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आहे आणि शेजारी नारिंगी लाइफ जॅकेट. पाहुण्याची नजर तिकडे गेली की संपलं. वडशाच्या नाटक कंपनीचा प्रयोग जसा रात्री सुरू होऊन पहाटेला उतरतो, तसं काकांचं. “पूर्ण दिवसाची सफर! गाईडसकट! बेटाबेटांतून!” पहिल्या प्रयोगात लाट गुडघ्याएवढी होती. दिवाळीपर्यंत ती दोन पुरुष उंच झाली.

“कर्लीची खाडी होती ती,” काकू स्वयंपाकघरातून सांगतात, “आणि बेट एकच. देवबागचं वाळूचं. भरती आली की तेही बुडायला लागतं.”

“दोघांच्या कयाकमध्ये मागे बसतो तोच दिशा ठरवतो,” काका विषय बदलतात.

“हो. आणि पुढे बसते ती वल्हवते.”

पण काकांचा अभ्यास दांडगा. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी सीलच्या कातड्याची कयाक शिकारीसाठी बनवली, वारा दुपारनंतर चढतो म्हणून सकाळीच निघायचं, कयाक उलटली तर आधी स्वतः बाहेर पडायचं, वल्हं सोडायचं नाही, हे सगळं ते आम्हाला मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, नळाला पाणी नसताना सांगतात. इरई धरणावर नेलं तर म्हणाले, “लाट नाही.” मार्कंड्याला नेलं. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते म्हणून लोक हात जोडतात. काकांनी बोट ओलं करून वारा पाहिला. मग म्हणाले, हाही समुद्रच! वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला मिळते, तिची प्राणहिता होते, ती सिरोंच्याला गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. एवढी लांबची सोयरीक आमच्याकडे फक्त लग्नाच्या पत्रिकेत काढतात.

बेटांचंच वेड असेल तर भामरागडला जावं, असं मी एकदा सुचवलं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, पूल बुडाला, की अख्खं गाव बेट होतं. तिकीट नाही, गाईड नाही, आणि परत कधी यायचं हेही आपल्या हातात नाही. काका म्हणाले, “तिथे पॅकेज नाही ना.”

यंदा मिरचीच्या हंगामात मात्र एका कामासाठी आम्हाला चामोर्शीकडून वैनगंगा ओलांडायची होती. घाटावर डोंगा उभा होता. काकांनी पिशवीतून जॅकेट काढलं, सगळे बक्कल लावले आणि डोंगेवाल्याचा वर्ग घेतला. पाठ ताठ ठेवा, कंबरेतून वळा, मनगट सैल. त्याने शांतपणे ऐकलं. “बसा जी,” म्हणाला, “मधात बसा. हलू नोका.”

डोंग्यात मिरची तोडायला निघालेल्या बाया होत्या. त्या जॅकेटकडे बघून पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो. डोंगेवाला तेवढा हसला नाही. जानेवारी २०२४ मध्ये याच नदीत, याच तालुक्यात, मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा उलटला होता. सहा जणी गेल्या. त्याने जॅकेटचा बक्कल बोटाने दाबून पाहिला.

“कितीला पडते जी हे?”

“बावीसशे.” काका आयुष्यात प्रथमच एका शब्दात बोलले.

त्याने मान हलवली आणि काठी पाण्यात रोवली. मध्यावर डोंगा जरा कलला. काकांनी वाऱ्याची दिशा सांगितली नाही. ते बाया मोजत होते. नऊ. एकीच्या मांडीवर चारेक वर्षांची पोरगी.

संध्याकाळी परतताना तोच डोंगा, त्याच बाया, दिवसभर तिखटाने चुरचुरणारे हात पाण्यात बुडवून बसलेल्या. पोरगी नारिंगी जॅकेटात हनुवटीपर्यंत बुडालेली, बक्कल तीनदा तपासलेले. काका दोन्ही हातांनी कड धरून मधोमध बसले होते. हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीपासून प्रयोग पुन्हा सुरू. “वैनगंगेत कयाकिंग केलं! प्रवाह असा होता म्हणता!” पाहुण्यांनी भिंतीकडे पाहिलं. वल्ह्याशेजारचा खिळा रिकामा.

“आणि जॅकेट?” काकूंनी विचारलं.

“धुवायला टाकलंय,” काका म्हणाले आणि लाट अजून हातभर वाढवली.