बिनशाळेचा मामा

भाचरांना बिघडवायचे ते मामानेच, ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी हे काम आइस्क्रीम, पतंग आणि रात्रीचा सिनेमा एवढ्या माफक साधनांवर भागत असे. आताचा मामा भाचीला थेट शाळेतूनच सोडवायला निघतो. हा साधारण चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतो, पुण्यात बाणेर-बावधनकडे राहतो, बारा-पंधरा वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढून सध्या ‘ब्रेक’वर असतो. अंगात हातमागाचा कुडता, खांद्याला कापडी पिशवी आणि दर तिसऱ्या वाक्याला ‘कंडिशनिंग’. भाचीची सहामाही तोंडावर आली की हा नेमका उगवतो, तिच्या हातातले गाइड मेलेल्या उंदरासारखे दोन बोटांत धरतो आणि विचारतो, “तुला हे खरंच शिकायचंय का?” गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी सहावीतली मुलगी या प्रश्नाला काय उत्तर देणार, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. मामा मात्र त्या एका ‘नाही’वर अख्खे तत्त्वज्ञान उभे करतो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतो, “ऐकलंस ना ताई? मूल बोलतंय!”

मामाची चेष्टा करणे सोपे आहे, पण तो सांगतो ते खुळचट नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. त्याचे दैवत जॉन होल्ट. हा अमेरिकन शिक्षक सहकाऱ्याच्या वर्गात बसून मुलांकडे बघत राहिला आणि त्याच्या लक्षात आले, की मुले गणित सोडवत नाहीत, शिक्षकाचा चेहरा वाचतात. अंदाज करतात, पुटपुटतात, त्याची मान कुठे हलते ते बघून उत्तर फिरवतात. १९६४ साली त्याने हे पुस्तकात मांडले. पुढे शाळा सुधारतील ही आशाच त्याने सोडली आणि १९७७ पासून शाळेविना वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी तो नियतकालिक काढू लागला. घरीही वेळापत्रक नको, पाठ्यपुस्तक नको, मूल आपल्या ओढीने शिकेल, हे या अनस्कूलिंगचे सूत्र. आपल्याकडे ज्या घरात पाठ्यपुस्तकापेक्षा ‘अपेक्षित’ जास्त झिजते, त्या घराने होल्टला हसू नये. शिवाय मुलाच्या मागे जाण्याची कल्पना आपल्याला परकीही नाही. भावनगरला गिजुभाई बधेका हेच सांगत होते. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत ओढण्याऐवजी शाळाच कुरणात नेली. तेव्हा मामाच्या विचारात खोट नाही. खोट आहे ती मामात, आणि तीही एकच: त्याला गप्प बसता येत नाही.

होल्टच्या शिकवणीचा गाभा असा, की कोणी न विचारता शिकवायला गेलात तर मुलाला नकळत एकच निरोप पोचतो: हे तुझे तुला कळणार नाही. मामाने हे वाचलेले असते, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली असते, आणि नेमके तेच तो दिवसभर करत असतो. भाची मुंग्यांची रांग बघत बसली की मागून मुंग्यांच्या समाजरचनेवर व्याख्यान सुरू होते. तिने आजीजवळ बसून पुरी लाटली की पुरी का फुगते याचे भौतिकशास्त्र येते, आणि पुरी थंड होईपर्यंत संपत नाही. ती नुसती लोळत पडली तर मामाला परमानंद होतो, कारण कंटाळ्यातून सर्जन होते असे त्याचे मत आहे. मग तो दर दहा मिनिटांनी काही सर्जन झाले का, हे बघून जातो. परीक्षा नको म्हणणाऱ्या या माणसाच्या लॅपटॉपमध्ये भाचीच्या ‘स्वयंशिक्षणा’ची एक्सेल शीट असते आणि तिच्यात ‘कुतूहल’ या रकान्याला पाचपैकी गुण असतात. शाळा निदान पाच वाजता सुटते. मामा सुटत नाही.

“पण उदाहरणं बघा ना!” मामा म्हणतो, आणि त्याचा भाता रिकामा नसतो. टागोरांनी शाळा सोडली. एडिसन जेमतेम काही महिने शाळेत गेला. मुंबईतली एक मुलगी सातवीनंतर शाळेत गेली नाही. दहावी-बारावीची प्रमाणपत्रे नसतानाही प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या बळावर २०१६ साली तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. उदाहरणे खरी आहेत, पण ती नीट वाचली तर प्रत्येकात मुलाशेजारी एक मोठे माणूस पूर्णवेळ राबताना दिसते. टागोरांच्या घरी पहाटेच्या कुस्तीपासून रात्रीच्या इंग्रजीपर्यंत शिक्षकांची रीघ होती. एडिसनची आई स्वतः शिक्षिका होती. मुंबईच्या त्या मुलीच्या आईने नोकरी सोडली. म्हणजे शाळा गेली तरी शाळेचे काम जात नाही, ते घरातल्या कोणाच्या तरी अंगावर येते. कोणाच्या, हे मामाच्या पुढच्या वाक्यात कळते: “ताई, तुझं ऑफिस घरूनही चालतं ना?” स्वतः मामा महिन्यातून एका रविवारी मार्गदर्शनासाठी उपलब्ध असतो.

मामाकडे सर्वेक्षणही असते. पीटर ग्रे आणि जीना रायली या अमेरिकन अभ्यासकांनी अनस्कूलिंग करून मोठ्या झालेल्या ७५ जणांना प्रश्न विचारले. त्यातले ८३ टक्के पुढे कोणत्या ना कोणत्या उच्च शिक्षणाकडे गेले होते. आकडा उमेद वाढवणारा आहे, पण उत्तरे देणारे आपणहून पुढे आलेले होते. ज्यांचे बिनसले ते अशा प्रश्नावल्या शोधत हिंडत नाहीत. गंमत अशी, की पदव्यांना न मानणारा मामा हा आकडा सांगतो तो पदवीकडे नेणारा म्हणूनच. त्याची स्वतःची इंजिनिअरिंगची पदवी आईच्या घरी फ्रेममध्ये आहे आणि तिच्या जोरावर मिळालेल्या पगारातूनच हा ‘ब्रेक’ चालू आहे.

अर्थात मामाच्या विरोधकांचे सगळेच म्हणणे टिकत नाही. “मुलांत मिसळायला कशी शिकणार?” हा आत्याबाईंचा आवडता आक्षेप. पण एकाच वयाच्या पन्नास मुलांनी हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसणे याला मिसळणे म्हणत असतील, तर लोकलच्या गर्दीला स्नेहसंमेलन म्हणावे लागेल. दुसरा आक्षेप कायद्याचा. तिथे मामा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे आठवे कलम वाचतो: सक्तीची जबाबदारी सरकारवर आहे. दाजी बँकेत असल्यामुळे पुढची कलमेही वाचतात आणि दहावे काढतात: मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. तिसरा आक्षेप “दहावीचं काय?” त्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. वाट आहे, फक्त ती शेवटी परीक्षेच्याच हॉलमध्ये जाते, हे मामा हळू आवाजात सांगतो.

खरा आक्षेप यातला एकही नाही. ज्या पुण्यात मामा शाळेला तुरुंग म्हणतो, तिथेच १८४८ साली भिडेवाड्यात मुलींसाठी शाळा उघडली म्हणून सावित्रीबाईंनी शेण-चिखल अंगावर घेतला. ज्यांच्या घरात शाळेत जाणारी पहिलीच पिढी आहे, त्यांच्यासाठी शाळा म्हणजे दुपारचे जेवण, मैत्रिणी आणि लवकरच्या लग्नाला मिळालेली मुदतवाढ असते. शाळा सोडून शिकायला घरात पुस्तके लागतात, रिकामा वेळ लागतो, आणि फसलेच तर सावरून घेणारी मिळकत लागते. मामा हे सगळे हवेसारखे गृहीत धरतो.

म्हणून मामाला हाकलून द्यावे का? मुळीच नाही. आई गुण विचारते, बाबा क्लासची फी सांगतात, आजी शेजारच्या मुलीचे गुण सांगते. अशा घरात गुण न विचारणारे एखादे मोठे माणूस हवेच. संध्याकाळी दोन तास भाचीबरोबर टेकडीवर जाणारा, तिने विचारले तर सांगणारा, येत नसेल तर तसे म्हणणारा आणि न विचारता काहीही न समजावणारा मामा मिळाला, तर शाळेत जाऊनही अनस्कूलिंगचे निम्मे फायदे पदरात पडतील. होल्टलाही असेच मोठे माणूस अभिप्रेत असावे. भाचीची शाळा सुटायची की नाही ते पुढे ठरवता येईल. आधी मामाची शिकवणी सुटली पाहिजे.