एस कुठे लावावा : मूर्तिजापूर तालुक्यापुरते मार्गदर्शन

इंग्रजीत 'एस' एकच आहे आणि तो कर्ता आणि क्रियापद या दोघांत आलटून पालटून वापरायचा आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. पोट्टा एकटा पळाला तर एस क्रियापदाला : 'बॉय रन्स'. पोट्टे जमले तर एस पोट्ट्यांना आणि क्रियापद उघडे : 'बॉइज रन'. दोघांनाही लावणे ही उधळपट्टी, आणि तिचे गुण कापले जातात.

पहिल्या पुरुषाची काळजी वऱ्हाडाने करू नये. पुण्याची मुलगी 'मी जाते' म्हणते, आपली पोरगी 'मी जातो' म्हणते आणि होस्टेलात हसे करून घेते. तिने आता मान वर करावी. 'आय गो'मध्ये बाईमाणूस, गडीमाणूस असा भेद नाहीच. त्या हिशेबाने मूर्तिजापूर पुण्याच्या दोन स्टेशने पुढे आहे.

खरा घोळ आदराचा. 'बाबा आले' म्हणताना आपण एकट्या बापाला अनेकवचन देतो. मग पोरगं 'माय फादर आर अ फार्मर' लिहितं आणि चांगल्या वळणापायी अर्धा गुण घालवतं. ज्या गावात गाडगेबाबांनी गोरक्षण उभारले, तिथल्या उत्तरपत्रिकेत 'गाडगेबाबा वेअर बॉर्न इन 1876' असे सापडले, तर तपासणाऱ्याने आधी हात जोडावेत, मग 'वेअर' खोडून 'वॉज' करावे. साहेबाच्या भाषेत संत, शिपाई आणि शेळी तिघांनाही 'वॉज'च. उलट समोर जो उभा असेल त्याला सरसकट 'यू आर', मग तो कलेक्टर असो की दारातले कुत्रे. सगळा मान तोंडावर, पाठीमागे काही नाही. (ही रीत आपल्याला अगदीच नवी आहे असे नाही.)

सर्वनामात नजर कुठे ठेवायची ते शिकावे लागते. 'तिचा भाऊ' यात 'ति' बहिणीचा आणि 'चा' भावाचा. मराठी दोघांनाही सांभाळते. इंग्रजी फक्त मालकीण पाहते. पोट्टे भावाकडे पाहून 'हिज ब्रदर' लिहितात. नियम असा की भावाकडे पाहू नका, बहिणीकडे पाहा. हा नियम वर्गात मोठ्याने सांगू नये.

बाजार समितीत 'गहू चांगले आहेत' हे बरोबर, पण 'व्हीट आर गुड' चूक. पोतीभर गव्हालाही 'इज'. वाद घालू नये, भाव पडतो.

शकुंतलेचे प्रकरण जरा नाजूक. जहाजाला लाडाने 'शी' म्हणणारे साहेब आगगाडीला 'इट' म्हणतात. किलिक निक्सन कंपनीच्या या नॅरोगेज गाडीला आपण बाईचे नाव दिले तरी परीक्षेत 'इट'च लिहावे. यवतमाळपर्यंतचे 113 किलोमीटर मात्र 'आर' नव्हे, 'इज' : अंतर कितीही असो, ते एकच धरतात. हा नियम करणारा त्या गाडीत बसलेला नसावा. आणि 'शकुंतला रन्स टू यवतमाळ' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. गाडी बंद आहे, ही तक्रार रेल्वेकडे करावी. रेन अँड मार्टिनच्या व्याकरणाचा तिच्याशी संबंध नाही.

राहिले 'आयदर-ऑर'. इथे क्रियापद शेजाऱ्याचे ऐकते : 'आयदर द प्रेसिडेंट ऑर द मेंबर्स आर कमिंग', आणि नावे उलटवली की 'इज कमिंग'. इंग्रजी निमंत्रणपत्रिका छापताना अध्यक्षांना क्रियापदाला खेटून बसवावे. सदस्य रुसले तर 'ऑर' काढून 'अँड' टाकावे. मग सगळ्यांनाच 'आर', आणि अध्यक्षांना हवे असलेले अनेकवचनही त्यात मिळून जाते.